बाकी

नेव्झातच्या दुकानावरच्या खोलीत मी आठ महिने राहिले.
काळ्या समुद्राकडे उतरत जाणारी एकच पेठ,
आणि वाण्याला तिथे म्हणतात बक्काल.
आपल्याकडेही होता हा शब्द, वाण्याला लागून बसायचा,
मग मळत गेला; आता नुसत्या वस्त्या बकाल असतात.
हे मी नेव्झातला सांगितलं नाही.
तो तराजू पुसत म्हणाला, तेराझी.
म्हटलं, हा येतो मला.

त्या थंडीत साखळीवाल्यांचं तिसरं दुकान उघडलं.
तांबडी पाटी रात्रभर जळायची
आणि तिच्या उजेडात समोरच्या शुकूफेबाईंची लोकर
सगळी एकाच रंगाची दिसायची.
तिथलं तेल नेव्झातच्या खरेदीपेक्षा स्वस्त.
खात्री करायला तो स्वतः गेला, टोपी भुवयांपर्यंत ओढून;
दारातल्या पोराने ओळखलं,
'या ना काका,' म्हणत दार धरून ठेवलं.
तो चुकून आत गेला. एक काडेपेटी घेऊन आला.

बुधवारी दुकानं मिटल्यावर
बेद्रीच्या चहाखान्यात अकरा जण.
बेत साधा: साम्सूनहून माल एकत्र उचलायचा,
एक टेम्पो, एक सौदा, अकरा वाटे.
पैसे?
खिळे-बिजागऱ्यांचा फेरूह म्हणाला, उधारीच्या वह्या आणा.

अकरा वह्या. तेलकट, पिठाळ, एक माशांच्या वासाची.
बोटं जिभेला लावत पानं उलटली,
चहा गार झाला.
बेरीज झाली तेव्हा कोणी ती मोठ्याने वाचली नाही.
टेम्पो आला असता, डिझेल आलं असतं,
ड्रायव्हरचा वर्षाचा पगारही.

'मग वसूल करू,' बेद्री म्हणाला.
'कोणाकडून?' शुकूफेबाईंनी चष्मा वर केला.
'ही पाकिझे बघ. तुझ्याकडे चहा, याच्याकडे साबण,
माझ्याकडे तीन स्वेटरांची लोकर, फेरूहकडे दाराची कडी.
नवरा बुडाल्यापासून हिचं घर
आपण अकरा जण चालवतोय
आणि एकमेकांना पत्ता नाही.
संघ आज काय काढताय?'

कोणीतरी खोकलं.
सही करायला पेन शोधलं गेलं.

पहिला माल: साठ पोती साखर.
वाटेत ताडपत्री फाटली, निम्मी ओली.
ओली कोणाची यावर रात्रभर भांडण,
बेद्रीने संघ सोडला, मग चहा पाजला, मग पुन्हा सोडला.
शेवटी ओली पोती फेरूहने उचलली, जो साखर विकतच नाही,
आणि त्याबद्दल सगळ्यांना उन्हाळाभर ऐकवलं.

तेल अजूनही तिकडेच स्वस्त आहे.
दहा लिऱ्यांचा फरक सहावर आला, एवढंच.

मी निघायच्या आदल्या रात्री
सेहेर आली, पाकिझेची मुलगी,
अंगात साखळीवाल्यांचं तांबडं जाकीट, खिशावर नाव.
पहिल्या पगाराची पाकिटं तिने वाटेतच केली होती, अकरा.
'आईचं खातं,' म्हणाली. 'सगळं.'

नेव्झातने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
वही काढली, पान काढलं,
पेन्सिल नावावर ठेवली
आणि तशीच ठेवून राहिला.
मला वाटलं, आनंद झालाय.
मग दिसलं: नाव खोडलं
की ते माणूस या दारातून यायचं कारणच संपतं.

त्याने वरची एक नोट उचलून परत तिच्या हातात दिली.
'चाळीस लिरा राहू दे.'
'कशाला, काका?'
'राहू दे. बाकिये.'

हा शब्दही मला येत होता.
खाली शटर ओढल्याचा आवाज आला,
अर्ध्यावर थांबला,
कोणाला तरी अजून पाव हवा होता.